नंबर तोच, एमआरआय साफ, मग नसेला सूज कसली?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी २७ वर्षांची आहे. तीन महिन्यांपासून डोकं दुखतंय, सकाळी उठल्यावर जास्त. खाली वाकून उठले की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे करडं होतं, मग सगळं पहिल्यासारखं दिसतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात नाडीच्या तालावर सूं-सूं आवाज येतो. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासायला गेले. नंबर तोच निघाला, डोळ्यांचा दाब नॉर्मल, वाचनही शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर. पण डॉक्टरांनी थेंब टाकून आत पाहिलं आणि दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज आहे म्हणाल्या. लगेच एमआरआय झाला. गाठ वगैरे काही नाही. आता न्यूरॉलॉजिस्ट मणक्यातलं पाणी काढून दाब मोजायचा म्हणतात. आई-बाबा म्हणतात, मणक्याला सुई अजिबात लावू द्यायची नाही. गोळी घेतली की डोकं थांबतं. दीड महिन्याने माझी महत्त्वाची परीक्षा आहे, तोवर थांबले तर चालेल का? शिवाय दोघाही डॉक्टरांनी माझ्या वजनावरून ऐकवलं. वर्षभरात बारा किलो वाढलंय हे खरं, पण डोळ्यांचा आणि वजनाचा काय संबंध? बाकी मला काहीही आजार नाही. औषधही चालू नाही, फक्त चार महिन्यांपासून मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेते.’

नमस्कार.

नाही, थांबू नका. तुमच्या डॉक्टरांना शंका आहे ती मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढल्याची. या आजारात दीड महिना हा मोठा काळ आहे, आणि नसेचे तंतू एकदा मेले की कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. तपासणी या आठवड्यातच करून घ्या. आणि पत्राच्या शेवटच्या वाक्यात तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, ते या दोन्ही डॉक्टरांना सांगितलंय का? ‘औषध चालू नाही’ असं म्हणताना मुरुमांची गोळी बहुतेकजण धरतच नाहीत. डॉक्सिसायक्लिन ज्या गटातलं आहे, त्या टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांमुळे काही जणांमध्ये मेंदूभोवतीचा दाब वाढतो, हे चांगलं माहीत असलेलं आहे. तुमचं दुखणं गोळी सुरू झाल्यावर महिन्याभराने सुरू झालं. तेव्हा आजच त्वचेच्या डॉक्टरांना फोन करून नसेला सूज आल्याचं सांगा. अशी सूज दिसली की ही गोळी बंदच करतात. तिच्या जागी आपल्या मनाने दुसरं काही सुरू करू नका, विशेषतः आयसोट्रेटिनॉइन नाही. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी हाच दाब वाढतो. केसांसाठी, त्वचेसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्येही ते असतं, म्हणून घरातल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं एकदा वाचा.

गोळी बंद केली म्हणजे झालं, असं मात्र नाही. ती कारण असेल, कारणांपैकी एक असेल, किंवा निव्वळ योगायोग असेल. औषधामुळे वाढलेल्या दाबानेही नजर गेलेली माणसं आहेत. त्यामुळे तपासणी टळत नाही.

आता तुमचा मूळ गोंधळ. नंबर नीट, डोळ्यांचा दाब नीट, एमआरआय नीट, मग बिघडलंय काय? ‘दाब’ म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. रक्ताचा दाब दंडाला पट्टा बांधून मोजतात. डोळ्याचा दाब म्हणजे बुबुळामागच्या गोळ्यातला दाब, तो वाढला तर काचबिंदूची शंका घेतात. तुमच्या बाबतीत शंका आहे ती तिसऱ्याची, मेंदूभोवती जे पाणी खेळतं त्याच्या दाबाची. पहिले दोन नॉर्मल असले म्हणून तिसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. (पट्टा बांधून रक्तदाब मोजला होता ना? पत्रात उल्लेख नाही. तो खूप चढला तरी दोन्ही नसांना सूज येते, आणि ही तपासणी दोन मिनिटांची आहे.)

मोठ्या माणसात मेंदू आणि मणक्याभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं. दिवसभरात मात्र जवळजवळ ५०० मिलिलिटर नवीन तयार होतं, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. तयार होतं मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये आणि मुरतं मुख्यतः मेंदूवरच्या मोठ्या शिरांमध्ये. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. मेंदू, रक्त आणि पाणी यांपैकी एकाची जागा वाढली तर दुसऱ्या कुणालातरी आक्रसावं लागतं, नाहीतर दाब चढतो. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा हिशेब आजही तसाच वापरतात. पाणी नीट मुरेनासं झालं की दाब चढतो, मग गाठ असो वा नसो.

पण डोळा मध्ये कसा आला? डोळ्याची नस ही हातापायातल्या नसांसारखी नाही. ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे, आणि मेंदूवरची आवरणं तिच्याभोवती बाहीसारखी थेट डोळ्याच्या गोळ्यापर्यंत आलेली असतात. बाहीत तेच पाणी असतं. डोक्यात दाब वाढला की तो बाहीतून पुढे येतो आणि नस डोळ्यात शिरते तिथे तिला आवळतो. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. प्रत्येक तंतूच्या आतून पोषणाची वाहतूक सतत चालू असते, ती या ठिकाणी तुंबते. थेंब टाकून बाहुली मोठी केल्यावर तुमच्या डॉक्टरांना दिसली ती हीच तुंबलेली, फुगलेली चकती. वैद्यकीय भाषेत पॅपिलेडिमा. त्यांनी नुसता नंबर काढून तुम्हाला घरी पाठवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार माना. डोकेदुखी म्हणून आलेल्या माणसाला चष्मा देऊन मोकळं करणं फार सोपं असतं.

क्षणभर करडं होणं, कानातला नाडीच्या तालाचा आवाज, सकाळची डोकेदुखी ही तिन्ही लक्षणं याच चित्रात बसतात. काहींना मान-पाठ दुखते, काहींना लांबचं आडवं दोन-दोन दिसतं, कारण डोळा बाहेर वळवणारी नस दाबाखाली येते. क्षणिक करडेपणा घाबरवणारा असतो, पण तो किती वेळा येतो यावरून नजरेचं नुकसान किती झालं हे ठरत नाही. तो कमी झाला म्हणून निर्धास्त होऊ नका आणि वाढला म्हणून आंधळं होणार असंही समजू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या ‘शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आलं’ या वाक्याची. भिंतीवरचा तक्ता फक्त मध्यभागाची नजर मोजतो. या आजारात मधली नजर बहुधा शेवटी जाते. आधी प्रत्येक डोळ्यात जन्मजात असलेला आंधळा ठिपका मोठा होतो, मग नाकाच्या बाजूचा, बहुतेकदा खालचा भाग झिजतो, मग कडा आत येऊ लागतात. दोन डोळे एकमेकांची उणीव भरून काढतात आणि मेंदूही रिकामी जागा बेमालूम भरतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पायरीचा अंदाज चुकणं, दाराच्या चौकटीला खांदा लागणं इथपर्यंत गोष्ट येते तेव्हा बरंच गेलेलं असतं. म्हणून तुमच्या आजाराचं खरं मोजमाप आहे फील्ड टेस्ट. एक डोळा झाकून, समोरच्या ठिपक्याकडे बघत, आजूबाजूला लुकलुकणारे प्रकाश दिसले की बटण दाबायचं. पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर मणक्याच्या तपासणीची वाट न बघता करून घ्या.

ती कंटाळवाणी आहे, हे आधीच सांगते. पहिल्यांदा पुष्कळांची बिघडते: डोळे भिरभिरतात, झोप येते, ‘दिसलं की नाही’ यातच वेळ जातो. रात्रभर अभ्यास करून जाऊ नका. पापण्या मिटल्या तर मिटू द्या, थकलात तर बटण दाबून धरा, बहुतेक यंत्रं तेवढा वेळ थांबतात. काही ठिपके दिसणारच नाहीत इतके मंद ठेवलेले असतात, त्यामुळे आपण नापास होतोय असं वाटून अंदाजाने बटण दाबत बसू नका. पहिला निकाल गोंधळाचा आला तर थोड्या दिवसांत दुसरी करतात, त्यात काही वावगं नाही.

सोबत ओसीटी नावाचा स्कॅन करतील, त्यात तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये छापून येते. इथे पेशंट हमखास फसतात. पुढच्या वेळी आकडा खाली आला की घरी आनंद होतो. पण सूज उतरली तरी आकडा उतरतो आणि तंतू मेले तरीही उतरतो. पहिलं चांगलं, दुसरं वाईट, आणि कागदावर दोन्ही सारखे दिसतात. फील्डचा निकाल शेजारी ठेवल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावू नका, आणि डॉक्टरांनाही तसंच विचारा.

आता एमआरआय. गाठ नाही ही चांगली बातमी आहे, पण अर्धी. मेंदूतल्या मोठ्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी झाली तरी हुबेहूब हेच चित्र होतं, आणि साध्या एमआरआयमध्ये ती निसटू शकते. शिरांसाठी वेगळा स्कॅन असतो, एमआर व्हेनोग्राफी. अहवालावर तो शब्द शोधा. नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा, कारण गुठळी निघाली तर उपचार रक्त पातळ करण्याचे, पूर्ण वेगळे. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर ते लपवू नका, गुठळीच्या बाबतीत त्या महत्त्वाच्या ठरतात. हिमोग्लोबिनही तपासून घ्या, तीव्र रक्तक्षयातही नसा सुजतात. आणि घरच्यांना विचारा, झोपेत जोरात घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का. झोपेत श्वास थांबण्याच्या त्रासाचाही या दाबाशी संबंध आहे.

काही लोकांची नस जन्मतःच उंचावलेली असते किंवा तिच्यात चुन्याचे कण असतात आणि ती सुजल्यासारखी भासते, हेही खरं. तुमची बाकीची लक्षणं बघता मला ती शक्यता कमी वाटते, पण शंका असेल तर डोळ्याची सोनोग्राफी आणि ओसीटी यांवरून फरक कळतो.

सुईबद्दल आई-बाबांना काय सांगायचं? पहिलं हे की सुई मज्जारज्जूपर्यंत जातच नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, आणि सुई घालतात त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे पाण्यात नुसत्या सुट्या नसा तरंगत असतात. त्यातली एखादी सुईने हलली तर पायात क्षणभर झिणझिणी जाते, बस. हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आज ती जगभर रोजच्या कामाचा भाग आहे. जागा आधी बधिर करतात. कुशीवर झोपून, पाय थोडे सैल सोडून, शांत श्वास घेत असताना दाब मोजायचा. कुंथलं, रडलं, अंग आवळलं तर आकडा खोटा वाढतो. मोठ्या माणसात पाण्याच्या स्तंभाच्या २५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त दाब भरला आणि पाण्यात जंतू, पेशी, प्रथिनं यांचा काही दोष नसला, तर निदान पक्कं होतं. म्हणजे या सुईतून दोन उत्तरं मिळतात, दाब किती आणि पाणी कसं. दुसरं उत्तर कुठलाही स्कॅन देत नाही.

त्रास काय होतो तेही लपवत नाही. काहींना नंतर डोकं दुखतं, बसल्या-उभ्या जास्त आणि आडवं झालं की कमी. बहुतेकांचं ते काही दिवसांत जातं. नाही गेलं तर त्यावर उपाय आहे, फक्त कळवायला हवं. सुईच्या जागी कंबर थोडे दिवस दुखते. रक्त पातळ करणारं औषध घेत असाल किंवा रक्त लवकर थांबत नसेल तर आधी सांगायचं. एवढंच. उलट पाणी काढल्यावर पुष्कळांना एकदम हलकं वाटतं, पण तो उपचार समजू नका. पाणी काही तासांत पुन्हा भरतं. आई-बाबांना माझ्या या उत्तरापेक्षा पुढच्या भेटीला सोबत नेणं जास्त उपयोगी. त्यांची भीती त्यांनी डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवू दे, तुम्ही मधले निरोप्ये होऊ नका.

वजनाचं. दोघांनी ते कसं सांगितलं ते मला माहीत नाही, पण तुम्ही ‘ऐकवलं’ असा शब्द लिहिलाय, त्यावरून अंदाज येतो. ओठ मुडपून सांगितलेली खरी गोष्टसुद्धा घशाखाली उतरत नाही. तरीही ती खरी आहे. कारण न सापडणारा हा दाब सगळ्यात जास्त आढळतो तो तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांमध्ये, आणि अलीकडे पटकन वाढलेलं वजन ही त्यातली ठळक खूण असते. नेमकं कसं, यावर संप्रेरकांपासून पोटातल्या दाबापर्यंत बरीच मतं आहेत. पण वजन उतरलं की दाब उतरतो, हे मोजून पाहिलेलं आहे. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झालं तरी अनेकांची सूज ओसरू लागते, काहींना १५ टक्क्यांपर्यंत जावं लागतं. यात तुमच्या दिसण्यावर, शिस्तीवर, स्वभावावर कसलाही शेरा नाही. बारीक माणसांना, पुरुषांना, मुलांनाही हा आजार होतो. पुरुषांमध्ये तर तो कमी आढळतो, पण झाला तर नजरेला जास्त नडतो.

फक्त वजन हळू उतरतं आणि नसेला तेवढी सवड नसते. म्हणून मधल्या काळासाठी औषध, बहुधा अ‍ॅसिटाझोलामाइड. ते पाणी तयार होण्याचा वेग कमी करतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नजरेचं सौम्य नुकसान झालेल्या १६५ रुग्णांना आहाराचं मार्गदर्शन दिलं, त्यातल्या साधारण निम्म्यांना हे औषध आणि बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. फील्ड दोन्हीकडे सुधारलं, औषधवाल्यांचं जास्त. फरक प्रचंड नव्हता, पण खरा होता. आहाराने दुसऱ्या गटालाही हात दिला, हे विसरू नका.

या औषधाने बोटांना, ओठांना मुंग्या येतात, सोडा घातलेलं पेय धातूसारखं लागतं, लघवी वाढते, थकवा येतो. मुंग्या आल्या म्हणजे लकवा येतोय असं समजून पुष्कळजण तिसऱ्या दिवशी गोळी सोडतात. तसं करू नका, सोसत नसेल तर डोस बदलता येतो. मूतखडा झाला असेल, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर पहिल्या दिवशीच सांगा. परीक्षेचंही सांगा. कधी कधी याऐवजी टोपिरामेट देतात. त्याने डोकेदुखीला आणि वजनाला दोन्हीकडे मदत होते, पण काही जणांना ऐनवेळी शब्द आठवत नाहीत, विचार संथ होतात. गर्भनिरोधक गोळीचा परिणामही त्याने कमी होऊ शकतो आणि गर्भाला ते घातक आहे. परीक्षेच्या तोंडावर यातलं काय निवडायचं, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

नजर भराभर उतरू लागली तर शस्त्रक्रिया असतात: पाणी नळीने पोटाकडे वळवणं, नसेच्या आवरणाला खिडकी पाडणं, निवडक रुग्णांत अरुंद शिरेत स्टेंट टाकणं. सध्या तुमच्यासाठी त्यांचा विचार करण्याचं कारण दिसत नाही.

डोकेदुखीच्या गोळीवर मात्र मी बोट ठेवणार. तिने दुखणं थांबतं, दाब नाही. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतली जात असतील तर त्या गोळ्याच नवी डोकेदुखी तयार करतात, मिश्र गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात. किती दिवस घेता ते कॅलेंडरवर खूण करून मोजा. आणि पुढे कधी दाब उतरूनही डोकं दुखत राहिलं तर हताश होऊ नका. या आजारात मायग्रेनसारखी डोकेदुखी बरोबरीने असते, तिच्यावर वेगळे उपचार लागतात.

फील्ड टेस्ट होऊन निकाल हाती येईपर्यंत गाडी चालवू नका. एखादा काळा पट्टा जातच नसेल, नजर काही दिवसांत घसरतेय असं वाटलं, दोन-दोन दिसू लागलं, किंवा डोकेदुखीसोबत ताप, ताठर मान, सतत उलट्या, गुंगी, फिट, हातपाय लुळे पडणं यातलं काही झालं, तर भेटीची तारीख बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

परीक्षेचं गणित तसं अवघड नाही. या आठवड्यात तपासणी, नंतर दोन-चार दिवस विश्रांती, मग उपचार चालू ठेवून अभ्यास. परीक्षेला बसता येईल असं मला वाटतं. सुरुवातीला डोळ्यांची तपासणी लवकर लवकर होईल, किती दिवसांनी ते सुजेवर आणि फील्डवर ठरेल. परीक्षेच्या आधीची तारीख आत्ताच मागून घ्या, ‘नंतर बघू’ म्हणू नका. फील्डचा पहिला कागद जपून ठेवा आणि त्याचा फोटोही काढा. पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशीच ताडून बघायची असते, आणि डॉक्टर बदलले की पहिला हरवतो तोच कागद. सूज पूर्ण गेल्यावरही काही काळ तपासण्या चालू ठेवाव्या लागतील, कारण वजन पुन्हा चढलं तर दाबही परत येऊ शकतो. आणि पुढे कधी कुणी मुरुमांसाठी, छातीतल्या संसर्गासाठी किंवा आणखी कशासाठी औषध लिहून देत असेल, तर लेखणी उचलायच्या आत सांगा की टेट्रासायक्लिन गटातलं काही नको.